घाटमाथ्याच्या वाटा : सिल्लोड परिसरातल्या सायकलसफरींची प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याला निघालेल्या माणसाच्या वाट्याला सिल्लोड येतं ते चहापुरतं. फुलंब्री मागे पडते, सिल्लोड येतं, गाडी दहा मिनिटं थांबते आणि पुन्हा सुटते. जळगावकडून येणारा तर लेणी पाहून फर्दापूरहूनच माघारी फिरतो. घाट चढून वर यायचं त्याला कारणच पडत नाही. तालुक्याचं ठिकाण, मिरचीची आणि मक्याची बाजारपेठ, लेण्यांच्या रस्त्यावरचा थांबा, एवढी ओळख पुरेशी मानली जाते. ही पुस्तिका त्या थांब्यावर मुक्काम करणाऱ्यासाठी आहे. सिल्लोडला रात्री टेकायचं, पहाटे सायकल काढायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, अशा बेताच्या वाटा तिच्यात दिल्या आहेत.

मराठी वाचकापर्यंत सायकलची बातमी पोचते ती बहुधा विक्रमाची. १९२३ साली मुंबईहून निघून १९२८ मध्ये जगाची फेरी पुरी करून परतलेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा. २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत दोघांच्या संघात पुरी करणारे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पुरी करणारे नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ. या सगळ्यांबद्दल आदर आहेच. पण अशा बातम्यांचा एक तोटा होतो. सायकल म्हणजे शरीराची कसोटी, आणि आपल्यासारख्याचं ते काम नव्हे, असं वाचणाऱ्याला वाटू लागतं. पुस्तिकेतल्या वाटांना तसलं काही लागत नाही. सवय असलेल्या माणसाला साठ-सत्तर किलोमीटर पुरेत. ज्याला जमेल त्याने शंभर करावेत. इथे अंतराला महत्त्व नाही, चढ-उताराला आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या मुलखात जे जे घडलं, म्हणजे भिक्षूंनी लेणी कोरली, व्यापाऱ्यांचे तांडे थांबले, बादशाही सराया उभ्या राहिल्या, फौजा समोरासमोर आल्या, ते सगळं जमिनीच्या उताराने ठरवलं. बैल, घोडे आणि पायी चालणारी माणसं होती तोवर हा उतार सगळ्यांनाच माहीत होता. इंजिन आलं आणि तो विसरला गेला. चारचाकीत बसलेल्याला चौका काय नि गोळेगाव काय, सारखंच सपाट. पोटरीला मात्र फरक कळतो. म्हणून इथला इतिहास वाचायला सायकलइतकं चांगलं साधन नाही.

आधी जमीन समजून घेऊ. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून ५६८ मीटरवर आहे, जळगाव २०९ मीटरवर. मधल्या साडेतीनशे मीटरांतला मोठा हिस्सा एकट्या अजिंठ्याच्या घाटात उतरतो. दक्षिणेकडून येताना अजिंठ्याचा डोंगर हा डोंगर वाटतच नाही. चौक्याचा घाट ओलांडून फुलंब्रीकडे उतरलं की पुढे एकामागून एक लाटा लागतात: उतार, ओढ्यावरचा पूल, चढ, माथ्यावर गाव, पुन्हा उतार. कारण सोपं आहे. गिरिजा, पूर्णा, खेळणा आणि त्यांना मिळणारे लहानमोठे ओढे डोंगरातून निघून पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे जातात, आणि आपला रस्ता त्या सगळ्यांना आडवा कापत उत्तरेला चाललेला असतो. प्रत्येक पाण्याला एक उतार आणि एक चढ द्यावाच लागतो. एकही चढ मोठा नसतो, पण ते संपत नाहीत. सपाट रस्ता म्हणून जोरात निघालेला नवखा सायकलस्वार सिल्लोडपर्यंत येतो तोवर त्याच्या मांड्या भरून आलेल्या असतात.

अजिंठा गाव ओलांडलं की जमीन एकाएकी संपते. समोर खानदेशची मोकळी सपाटी आणि पायाखाली कडा. या डोंगररांगेची दक्षिण बाजू लांबलचक उताराची, उत्तर बाजू उभी. घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचेही इथे दोन भाग होतात. दक्षिणेला वळलेलं पाणी पूर्णेतून गोदावरीला जातं आणि बंगालच्या उपसागराला मिळतं. उत्तरेला वळलेलं वाघूरमधून तापीत आणि पुढे सुरतेजवळ अरबी समुद्रात. पाणलोटाची ही रेषा नकाशावर कुणी ठळक दाखवत नाही. रस्त्यावर ती कळते: एका वळणानंतर पायडल मारायची गरजच उरत नाही.

आता हाच उतार मनात ठेवून लेण्यांकडे बघा. वाघूरने काळ्या दगडात घोड्याच्या नालेसारखं वळण कापलं आणि त्या कड्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून पाचव्या शतकाच्या अखेरपर्यंत तीस लेणी कोरली गेली. जागा निवांत हवी, वर्षावासासाठी पाणी हवं, आणि भिक्षा-दान मिळावं म्हणून व्यापाराचा रस्ताही फार लांब नको. प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण, भोगवर्धन म्हणजे आजचं भोकरदन, आणि उत्तरेची उज्जयिनी यांना जोडणाऱ्या वाटेला डोंगर कुठेतरी ओलांडावा लागणारच होता. जिथे ओलांडायचा, त्याच्याच जवळ पण नजरेआड ही घळ होती. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. याच वराहदेवाचा आणखी एक लेख पश्चिमेकडे जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यात सापडतो. सत्ता असलेला माणूस एकाच डोंगरकड्यावर दोन ठिकाणी लेणी करवतो, यावरून या कड्याला त्या काळी काय महत्त्व होतं ते समजावं.

हजार वर्षं पुढे येऊ. बुऱ्हाणपूर ही मुघलांची दख्खनची पायरी आणि औरंगाबाद हे पुढचं ठाणं. दोहोंमधली बादशाही वाहतूक याच घाटाने चढायची. म्हणूनच घाटाच्या पायथ्याला फर्दापुरात सराई आणि माथ्याला अजिंठा गावातही तट, वेशी आणि सराई. चढायच्या आधी एक मुक्काम, चढून आल्यावर दुसरा. उंट-घोड्यांचा दम बघून केलेली ही सोय आहे. फर्दापूरहून सायकलने घाट चढून अजिंठा गावच्या वेशीशी आलेल्या माणसाला सराई इथेच का, हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. थांबावंसं वाटतंच.

या घाटाने आणखीही माणसं आणली. एप्रिल १८१९ मध्ये मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव नि तारीख कोरून गेला. १८४४ पासून रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करण्यासाठी राहिला. त्याचा मुक्काम वर अजिंठा गावातल्या बारादरीत, काम खाली दरीतल्या लेण्यांत. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या चित्रांपैकी बरीचशी १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेली. त्याची सखी पारो हिची १८५६ ची समाधी अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांनी याच दोघांवर 'अजिंठा' ही दीर्घ कविता लिहिली. महानोरांचं पळसखेडे घाटाखाली, सोयगाव तालुक्यात. रानातच राहून शेती करणाऱ्या आणि पाणी अडवण्याचा आग्रह धरणाऱ्या या कवीचं ऑगस्ट २०२३ मध्ये निधन झालं. पुस्तिकेतली दुसरी वाट त्यांच्याच मुलखातून जाते.

पुस्तिकेत मुख्य वाटा चार आहेत. प्रत्येकीचं सविस्तर वर्णन पुढे येईल. इथे त्यांचा स्वभाव तेवढा सांगतो.

पहिली वाट म्हणजे खुद्द महामार्ग: संभाजीनगर, फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, फर्दापूर. संभाजीनगरहून निघून लेण्यांच्या फाट्याला वळसा घालून परतलं की साधारण दोनशे किलोमीटर होतात. फ्रान्समधल्या ओदाक्स क्लब पॅरिसिअँच्या नियमांप्रमाणे जगभर ज्या लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' होतात, त्यांतली सगळ्यात धाकटी दोनशेची, आणि तिला मुदत साडेतेरा तासांची. पॅरिस ते ब्रेस्त आणि परत हा १२०० किलोमीटरचा चार वर्षांनी येणारा मोठा सोहळा. त्याला ९० तास. ज्यांना त्या दिशेने जायचं आहे, त्यांना घरच्या अंगणात असा दोनशेचा रस्ता मिळणं भाग्याचं आहे. तरीही ही वाट मी पहिली ठेवली ती केवळ ओळखीची म्हणून. रस्ता आता काँक्रीटचा आणि रुंद आहे, पण ट्रक, बस आणि लेण्यांच्या गाड्या याच रस्त्यावर. ज्याला गती हवी त्याला तो आवडेल. ज्याला मुलूख पाहायचा आहे त्याने सिल्लोडपासून पुढच्या तीन वाटा घ्याव्यात.

दुसरी वाट दोन घाटांची. पहाटे सिल्लोडहून निघायचं, पालोद आणि गोळेगाव ओलांडून अजिंठा गाठायचं, मुख्य घाटाने फर्दापूरला उतरायचं. तिथून डोंगराच्या पायथ्याने पश्चिमेला सोयगाव, आणि सोयगावहून वेताळवाडीवरून हळद्याच्या घाटाने पुन्हा वर. वर आलं की उंडणगाव, गोळेगाव आणि सिल्लोड. शंभर किलोमीटरच्या आसपासचं हे वर्तुळ. अनेक जण ते उलट्या दिशेने घालतात. मी तसं सुचवणार नाही. उतरताना सायकल बाकीच्या गाड्यांच्या वेगाने जाते, म्हणून रहदारीचा घाट उतरायला घ्यावा, तोही ट्रकची गर्दी वाढायच्या आत. चढताना सायकल ताशी सात-आठ किलोमीटरने सरकते. तेव्हा मागून ट्रकचा हॉर्न नको. हळद्याचा घाट त्या मानाने शांत. रस्ता ठिकठिकाणी उखडलेला असतो, पण चढताना खड्डा आधी दिसतो. वळणं घेत वर येताना वेताळवाडीचा किल्ला जवळ जवळ येत राहतो. तटबंदी, बुरूज, दरवाजे अजून बऱ्यापैकी शाबूत आहेत. किल्ला इथे का बांधला, हे घाट चढणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही: ज्याच्या हातात किल्ला, त्याच्या हातात वाट. वेळ असेल तर पायथ्याकडची रुद्रेश्वर लेणी पावसाळ्यानंतर लगेच बघावीत.

घाट उतरल्यावर जेवणही बदलतं आणि बोलीही. वर ज्वारीची भाकरी आणि ठेचा. खाली शेवभाजी, भरीत, कुठे कळण्याची भाकरी. वरचा मराठवाडी हेल खाली खानदेशी होतो. कागदोपत्री सोयगाव तालुका मराठवाड्यात येतो, पण त्याचं तोंड जळगावकडे आहे. सरहद्द सरकार आखतं, बाजार उताराने ठरतो.

तिसरी वाट पूर्वेची, पाण्याच्या सोबतीने जाणारी. पालोदजवळच्या धरणातून सिल्लोडला पाणी मिळतं ती खेळणा नदी पुढे भोकरदनला केळना म्हणून ओळखली जाते. गोळेगावहून पूर्वेला वळलं की जालना जिल्ह्यातलं अन्वा लागतं. तिथला बाराव्या शतकाच्या सुमाराचा मढ, म्हणजे कोरीव खांबांचं आणि चौथऱ्यावरचं जुनं मंदिर, केवळ त्यासाठीही सायकल काढावी असं आहे. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्तींना सकाळचं तिरपं ऊन हवं. दुपारी त्या सपाट दिसतात. पुढे भोकरदन. आज हे तालुक्याचं गजबजलेलं गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते भोगवर्धन होतं, आणि इथल्या दात्यांची नावं सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. १९७३ च्या उत्खननात इथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पॉम्पेईत, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिच्याशी या मूर्तीचं घराणं जुळतं असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. केळनेच्या काठी बसून चहा पिताना एवढी गोष्ट आठवली तरी चहाची चव वाढते.

भोकरदनहून पूर्वेला, जाफ्राबादच्या वाटेवर असईचं शिवार आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली ही जमीन. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली याची इंग्रजी फौज यांच्यात लढाई झाली. शिंदे-भोसल्यांच्या फौजा ऑगस्टमध्ये अजिंठ्याचा घाट चढूनच निजामाच्या मुलखात आल्या होत्या. शिंद्यांचं कवायती पायदळ पोहलमान नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होतं, आणि नदीचा ठाऊक असलेला उतार मराठ्यांनी रोखून धरला होता. दुसरा उतार नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. त्याला मात्र नदीच्या या काठी एक आणि त्या काठी एक अशी समोरासमोर दोन गावं दिसली. इंग्रजी नोंदींत त्यांची नावं पीपळगाव आणि वारूर अशी येतात. समोरासमोर गावं आहेत त्या अर्थी मधून येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला. उतार निघाला. फौज तिथून पार झाली आणि मराठ्यांना आपली आघाडी वळवावी लागली. आपल्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. वेलस्लीच्या बाजूचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे हाच वेलस्ली वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि आपल्या लढायांत सर्वांत चांगलं काम कोणतं, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं ते असईचं. त्या वर्षअखेर देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह होऊन मराठ्यांची दख्खनवरची पकड सुटली.

या लढाईवर पुस्तकं पुष्कळ आहेत, नकाशेही आहेत. पण समोरासमोरच्या दोन गावांचा तर्क किती सरळ होता, हे तिथल्या शिवारातून सायकल नेताना समजतं. आपणही तेच करत असतो. वाट चुकली की पलीकडचं गाव बघतो आणि मधे कुठेतरी फरशीपूल असेल असं धरून चालतो. आणि मग एक चुटपुट लागते. जमीन आपली, नद्या आपल्या, गावं आपली. ती वाचली मात्र परक्याने. असई आजही साधं शेतकरी गाव आहे, कपाशी आणि मक्याच्या रानांतलं. तिथे रणांगण शोधायला जाऊ नये. दोन्ही नद्यांचे काठ पाहावेत, मधली जमीन किती अरुंद आहे ते पाहावं, आणि परतावं.

चौथी वाट पश्चिमेची, अंभईवरून जंजाळ्याकडे. तिच्यावर माणूस कमी आणि डोंगर जास्त. अंभईला वडेश्वराचं जुनं मंदिर आहे. तिथे थोडं थांबून पुढे जंजाळ्यापर्यंत सायकल जाते. पठाराच्या टोकाला किल्ला आणि त्याखालच्या घळीत घटोत्कच लेणी. शेवटचा टप्पा पायी करावा लागतो, म्हणून सायकलच्या कडक तळाच्या बुटांऐवजी साधे बूट असलेले बरे. अजिंठ्याची गर्दी, तिकीट, रांग यांतलं इथे काही नाही. चित्रंही नाहीत. पण पाचव्या शतकातला विहार, त्याचे खांब आणि वराहदेवाचा लेख एकटेपणी बघायला मिळतो. चारही वाटांत मला ही सर्वांत आवडते.

या चार वाटांखेरीज अजिंठा गावातून लेणापूरकडे जाणारा छोटा फाटा प्रत्येकाने करावा. तो कड्याच्या टोकावर, व्ह्यू पॉइंटला नेतो. समोर वाघूरचं वळण आणि त्या वळणात ओळीने लेणी. लेणी खालून, एक-एक पाहणाऱ्याला त्यांची रचना समजत नाही. इथून ती एका नजरेत समजते. स्मिथनेही ती वरूनच पहिल्यांदा पाहिली असं मानलं जातं. लेण्यांत जायचं असेल तर फर्दापूरच्या फाट्यावर सायकल ठेवून एसटीच्या बसने जावं लागतं, आणि सोमवारी लेणी बंद असतात, हे आधीच ध्यानात ठेवावं.

आता थोडं व्यवहाराचं. या वाटांचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मे महिन्यांत घाटाखाली दुपारी सायकल चालवणं म्हणजे आजारपणाला आमंत्रण. भर पावसाळ्यात डोंगर देखणा असतो खरा, पण काळ्या मातीचा चिखल चाकात आणि ब्रेकमध्ये असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते; त्या दिवसांत डांबरी रस्ता सोडू नये. दिवाळीच्या पुढेमागे शेतकरी मका रस्त्याच्या कडेला वाळत घालतात. तो त्यांच्या वर्षाचा पैसा आहे. चाक वर घालू नये, वळसा घ्यावा. मिरचीच्या हंगामात संध्याकाळी मालगाड्यांची वर्दळ वाढते, तेव्हा अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा. बाभळीचा काटा इथला खरा शत्रू. बांधावरची झाडं छाटली की काटे रस्त्यावर येतात. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान आणि ते वापरता येण्याचा सराव, हे सगळं जवळ हवं. गावात पंक्चरवाला असतो, पण त्याचा हात मोटारसायकलच्या जाड ट्यूबवर बसलेला. आपली नाजूक ट्यूब आपणच काढून द्यावी आणि जोडायला त्याची मदत घ्यावी. पाणी मागायला संकोच करू नये. लिंबू, मीठ, साखर कुठल्याही हॉटेलात मिळते.

गावात थांबलं की पहिला प्रश्न ठरलेला: "केवढ्याला पडली, भाऊ?" खरी किंमत सांगितली की लगेच दुसरा: "एवढ्यात तर गाडी आली असती!" या बोलण्यात टोमणा नसतो. ज्याने चाळीस वर्षांपूर्वी सायकलच्या कॅरिअरला दुधाचे कॅन बांधून रोज गाव ते तालुका केला, त्याच्यासाठी सायकल सोडून मोटारसायकल घेणं ही कमाई होती. शहरातला माणूस मोटारीतून उतरून पुन्हा सायकलवर बसतो, हे त्याला कोड्यात टाकणारच. त्याला आरोग्याचं व्याख्यान देऊ नये. त्याच्या सायकलच्या गोष्टी विचाराव्यात. कुठला चढ उतरून चालावा लागायचा, कुठल्या ओढ्याला पूर आला की दूध घरी न्यावं लागायचं, हे तो सांगेल. नकाशात न सापडणारी माहिती अशीच मिळते, आणि या पुस्तिकेतली बरीच तशीच मिळाली आहे.

पण या रस्त्यांवरचे रोजचे सायकलस्वार आता वेगळेच आहेत. सकाळी दहाच्या सुमाराला कुठल्याही फाट्यावर उभं राहिलं तर दप्तर पाठीला लावून, दोघी-तिघी शेजारी शेजारी, शाळेच्या मुली सायकलवर येताना दिसतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना अनेक मागास तालुक्यांत राबवली गेली, आणि ज्या घरांतून मुलगी आठवीनंतर घरी बसवली जायची, त्या घरांतल्या मुली पुढच्या गावच्या हायस्कुलात पोचल्या. या मुलींना हेल्मेट नाही, गिअर नाहीत, आणि पुष्कळदा सायकलचा ब्रेकही धड नाही. तोच चढ त्या रोज चढतात. आपण हौसेने वर्षातून दोन-चारदा जो रस्ता करतो, तो त्यांचा शाळेचा रस्ता आहे.

म्हणून सायकलस्वारांना एक विनंती करून ही प्रस्तावना संपवतो. या वाटांवर जाऊन आल्यावर छायाचित्रं टाका, वेळा नोंदवा, सगळं करा. पण सोबत एक काम करा. ज्या गावच्या फाट्यावर साइडपट्टी खचलेली दिसली, जिथे गतिरोधक हवा आणि नाही, जिथे पुलाचा कठडा तुटलेला आहे, त्या जागेचा फोटो आणि किलोमीटरच्या दगडाचा आकडा घेऊन तिथल्या ग्रामपंचायतीकडे आणि बांधकाम विभागाकडे लेखी तक्रार द्या, आणि महिन्याने पुन्हा विचारा. शहरातल्या चार शिकलेल्या माणसांच्या सहीचा अर्ज सहसा बाजूला पडत नाही. मुलूख पाहायला जाणाऱ्याने त्या मुलखाचा रस्ता थोडा तरी सुरक्षित करून परत यावं. बाकी वाटा पुढच्या पानांवर आहेत. हवा तपासा आणि निघा.